ऊन पडायच्या आत ठरवा: भिजल्या सुगीतली पत्रं

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, काढणीला आलेलं पीक आणि थांबायचं नाव न घेणारा पाऊस. काहींना फोनवर लगेच उत्तर दिलं कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, तीच उत्तरं जरा विस्ताराने इथे देतेय म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

प्रश्न: मावशी, नमस्कार. मी घरातली मोठी सून. आमचं सहा एकर सोयाबीन आणि दोन एकर मका. गेला आठवडा कसा गेला ते सगळंच सांगते म्हणजे तुम्हाला नीट कळेल. सोमवारी सकाळी लख्ख ऊन होतं, माणसंही मिळाली, म्हणून ह्यांनी सोंगणी सुरू केली. सासरे म्हणत होते वारं फिरलंय, दोन दिवस थांबा, पण माणसं परत मिळणार नाहीत म्हणून ह्यांनी ऐकलं नाही आणि संध्याकाळपर्यंत अडीच एकर कापून टाकलं. मंगळवारी दुपारी पाऊस आला, जेवढं गोळा झालं होतं ते झाकलं, बाकीचं तसंच पडून राहिलं. बुधवारी दिवसभर झड, कापलेलं पीक पाण्यात, घरात ओले कपडे आणि ओली पोती, दोन्ही लेकरांना खोकला. गुरुवारी तीन तास उघडीप मिळाली तेव्हा आम्ही सगळे पळालो आणि पाण्यातलं सगळं उचलून एकच मोठा ढीग लावला, वर प्लास्टिक घट्ट बांधलं, तेवढ्यात विजा सुरू झाल्या पण पंधरा वर्षांचा पुतण्या शेवटपर्यंत ताडपत्रीचं टोक धरून उभा होता. शुक्रवारी परत पाऊस, घरात कुणी कुणाशी बोललं नाही. शनिवारी ढिगात हात घातला तर आत चटका बसेल इतकं गरम, कुबट वास आणि खालच्या शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आलेले. रविवारी ऊन पडलं पण आधी ढीग पसरायचा की उभं पीक कापायचं की मका मोडायचा यावरून दोन तास नुसती भांडणं झाली, तोवर आभाळ परत भरून आलं. आता काय वाचवायचं आणि घरातली ही अढी कशी काढायची?

उत्तर: अगं पोरी, तुझं पत्र वाचताना मला तो ढीगच समोर दिसला. वरून प्लास्टिक काढलं की वाफ तोंडावर येते आणि पोटात खड्डा पडतो, कारण तोंडाशी आलेला घास आतल्या आत शिजत असतो.

आधी ढिगाचं. तो फोडायचा, बाकी सगळं नंतर. ओल्या ढिगात दाणा श्वास घेत असतो, त्यातून उष्णता आणि पाणी बाहेर पडतं, त्या उबेवर बुरशी वाढते, बुरशी अजून उष्णता सोडते, असं ते चक्र एकदा चालू झालं की बाहेर ऊन असो नसो आत नासाडी चालूच राहते. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकने ती वाफ आतच कोंडली गेली, रात्री गार झाली आणि थेंब होऊन परत शेंगांवर पडली, म्हणजे पावसापासून वाचवलेलं पीक स्वतःच्याच पाण्याने भिजलं. असे ढीग मी स्वतः लावलेत म्हणून सांगते, भिजलेल्या पिकाचा मोठा ढीग कधीही लावायचा नाही. पाण्यातून उचलायचं ते बरोबर होतं, पण कंबरेएवढे छोटे छोटे ढीग, बांधावर किंवा उंचवट्यावर, खाली फांद्या नाहीतर फळ्या टाकून, मुळं खाली शेंगा वर, आणि ताडपत्री फक्त पाऊस चालू असताना. पाऊस थांबला की बाजू उचलून वारा खेळू द्यायचा, मग ऊन नसलं तरी चालतं, नुसता वारासुद्धा पुष्कळ काम करतो.

फोडताना तीन वाटण्या कर. वरचं आणि कडेचं, जे अजून ठीक आहे, ते वेगळं. मधलं गरम झालेलं पण कोंब न आलेलं वेगळं. खालचं कोंब आणि बुरशीवालं एकदम लांब. मळणी झाल्यावर हे एकात एक मिसळायचा मोह होतो, भाव तरी एकच लागेल असं वाटतं, पण ओला काळा दाणा चांगल्या पोत्यात गेला की महिन्याभरात ते सगळं पोतं त्याच्यासारखं होतं.

मळणीची घाई करू नकोस. शेंग वातड असताना मशीनमध्ये टाकली तर काड ड्रमला गुंडाळतं, दाणा चेपतो, निम्म्या शेंगा न फुटता भुसकटात जातात. शेंग बोटांनी दाबली की टचकन फुटली पाहिजे. दाण्यातला ओलावा १३ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आला की मळायचं, आणि साठवायला १२ च्या खाली आणायचं.

आता उभं साडेतीन एकर. इथे मला तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं पटतं, आणि तुझ्या नवऱ्याची अडचणही कळते. पावसाची चिन्हं असताना उभं पीक कापलेल्यापेक्षा सुरक्षित असतं, कारण शेंगा जमिनीपासून वर असतात, चारी बाजूंनी वारा लागतो आणि पाऊस थांबला की दोन-चार तासांत वरचं पाणी निथळतं. कापून आडवं पाडलेलं मात्र चिखलाला चिकटून राहतं. पण उभ्यालाही कायम थांबवता येत नाही, शेंगा भिजणं-वाळणं असं तीन-चारदा झालं की तडकायला लागतात आणि दाणे खाली सांडतात. रोज सकाळी एक चौरस मीटर जागा आखून खाली पडलेले दाणे मोज. शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरलं तर मीटरभर जागेत ४० दाणे म्हणजे एकरी २० किलोच्या आसपास गेलं. हा आकडा आज १५, उद्या ४०, परवा ९० असा चढायला लागला की थांबण्यात अर्थ नाही, जेवढी उघडीप मिळेल तेवढ्यात कापायचं. आकडा हलत नसेल तर कुणी कितीही टोचलं तरी थांबायचं. म्हणजे मग थांबायचं की कापायचं हे कुणाचा आवाज मोठा यावर ठरत नाही.

सुरुवात वरच्या अंगाने करायची, तिथे वाफसा, म्हणजे पाणी निथळून जमीन कामाजोगी होणं, आधी येतो. खालच्या तुंबलेल्या भागात यंत्र घालायची घाई केली तर चाकं रुततात, माती खोलवर दाबली जाते, आणि ती दाबलेली माती पुढच्या दोन-तीन पिकांना नडते. तिथे आधी कुदळीने चर काढून पाणी काढून द्यायचं. मक्याला तसा दम असतो, कणीस खाली झुकलेलं असेल तर वरचं पान पाणी निथळून टाकतं, पण ज्या ताटांची कणसं वर तोंड करून उघडी आहेत ती आधी मोडून घ्या, त्यात पाणी साठतं.

आणि पुतण्याचं. हे मी जरा कडक शब्दांत लिहितेय. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू यायला ३० सेकंदांहून कमी वेळ लागत असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा ताडपत्री जिथे असेल तिथे सोडून पक्क्या घरात यायचं, झाडाखाली नाही, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. अडीच एकर पीक गेलं तर पुढच्या वर्षी परत पेरता येतं.

घरातल्या अढीचं आता. तू लिहिलंयस की रविवारी दोन तास भांडणात गेले. मला विचारशील तर सगळ्या आठवड्यात सगळ्यात महाग पडलेली गोष्ट तीच, मंगळवारचा पाऊस नाही. उघडीप ही कामासाठी असते, ठरवायला पावसाचा वेळ पडलाय की. शुक्रवारी सगळे घरात होते, कुणाला काही काम नव्हतं, तेव्हा बसून ठरलं असतं की ऊन पडल्या पडल्या पहिलं काम कोणतं, दुसरं कोणतं, कोण कुठे जाणार, ताडपत्र्या कुठे ठेवल्यात, मळणीवाल्याला फोन कोण करणार. आमच्याकडे पावसात भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे, तीनच कामं, चौथं नाही. तुझ्याकडेही आज रात्री तेच कर. सासऱ्यांना विचारून पहिलं काम लिही, ह्यांना विचारून दुसरं लिही, दोघांचं मत भिंतीवर आलं की दोघांचाही मान राहतो.

आणि "मी सांगितलं होतं" हे वाक्य सुगी संपेपर्यंत घरात कुणीच बोलायचं नाही असं तू ठरवून सांग, मोठी सून आहेस, ऐकतील. सोमवारी जे दिसत होतं, ऊन, हाताशी असलेली माणसं, त्यावर त्यांनी निर्णय घेतला, मंगळवार कुणालाच दिसत नव्हता. सासऱ्यांना वाऱ्यावरून दिसला असेल, तर पुढच्या वेळी त्यांना आधी विचारायचं, एवढंच. लेकरांच्या खोकल्याकडे लक्ष दे, ओली पोती झोपायच्या खोलीत ठेवू नकोस, बुरशीची हवा त्यांच्या छातीत जाते.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं भाऊ, मका एकत्र केला. मळणीच्या दिवशी घाईघाईत वजन केलं ते ४० क्विंटल भरलं, मीटरवर ओलावा २२ दाखवला. नंतर माझ्या अंगणात दहा दिवस वाळवला, ओलावा १४ वर आला आणि पोती भरली तर वजन ३६ क्विंटल. धाकटा म्हणतो चार क्विंटल कुठे गेला. तोंडावर चोर म्हणाला नाही पण चार दिवस झाले घराकडे फिरकला नाही. माझी तर झोप उडालीय.

उत्तर: भाऊ, तुमचा मका कुणी नेलेला नाही, तो हवेत गेलाय. ओल्या सुगीत दर वर्षी हे भांडण कुठे ना कुठे होतं आणि एका साध्या हिशोबाने ते मिटतं, म्हणून कागद घ्या आणि धाकट्याला शेजारी बसवून त्याच्याच हाताने मांडायला लावा.

४० क्विंटलमध्ये २२ टक्के पाणी, म्हणजे ८.८ क्विंटल नुसतं पाणी होतं. उरलेला कोरडा माल ३१.२ क्विंटल, हा वाळवल्याने बदलत नाही. आता वाळल्यावर पाणी १४ टक्के म्हणजे कोरडा माल ८६ टक्के झाला, तर ३१.२ ला ०.८६ ने भागा, ३६.२८ येतात. म्हणजे हिशोबाने ३६ क्विंटल २८ किलो भरायला हवं होतं, तुमचं ३६ भरलं. अठ्ठावीस किलो म्हणजे दहा दिवस रोज पसरताना-गोळा करताना सांडलेलं, उडालेली धूळ-फोल, पाखरांनी खाल्लेलं. चाळीस क्विंटलमध्ये एवढं काहीच नाही, उलट तुम्ही फार जपून वाळवलंय असंच मी म्हणेन.

लोक चुकतात ते इथे की २२ मधून १४ गेले म्हणजे आठ टक्के कमी होणार, ३६.८ भरायला पाहिजे असं धरतात. तसं नसतं, कारण टक्केवारी प्रत्येक वेळी त्या वेळच्या एकूण वजनावर काढलेली असते. पुढच्या वेळी वजन आणि ओलावा दोन्ही एकाच कागदावर लिहा आणि दोघांची सही घ्या. धाकट्याकडे आज तुम्हीच जा, कागद घेऊन जा, त्याला हिशोब माहीत नव्हता, मनात कपट असतं तर तो गप्प बसला नसता.

प्रश्न: भिजलेल्या मक्यावर हिरवट-पिवळी बुरशी आलीय. घरात खाणार नाही पण टाकवतही नाही, धुऊन उन्हात वाळवून जनावरांना घातला तर चालेल ना?

उत्तर: नाही. टाकवत नाही ही भावना मला पूर्ण कळते, वर्षभराचे कष्ट असतात, पण या एका बाबतीत माझं उत्तर बदलणार नाही. हिरवट-पिवळी बुरशी बऱ्याचदा अस्परजिलस जातीची असते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, आधी रोग वाटला, शोध घेतल्यावर कळलं की खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत हे विष होतं, तेव्हाच ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. धुतल्याने वरची बुरशी जाते, विष दाण्यात राहतं. उन्हाने किंवा शिजवूनही ते जात नाही. दुभत्या जनावराने खाल्लं की त्याचाच एक प्रकार दुधात उतरतो, म्हणजे घरात खाणार नाही म्हणता म्हणता ते लेकरांच्या पेल्यात येतं. यकृताला त्याचा सगळ्यात जास्त धोका.

जे नुसतं भिजलंय, कोंब आलाय पण बुरशी नाही, वास स्वच्छ आहे, ते वाळवून जनावरांना थोडं थोडं घालता येतं. बुरशीवालं खोल पुरा किंवा लांब खड्ड्यात कुजवा, आणि हाताळताना नाकातोंडाला कापड बांधा.

ओल्या चाऱ्याच्या गंजीबद्दलही दोघांनी विचारलंय. चारा २० टक्क्यांहून जास्त ओला असताना गंज लावली तर तीही पहिल्या पत्रातल्या ढिगासारखी आतून तापते आणि अशी गंज दोन-तीन आठवड्यांनी कुणी काडी न लावता पेटलेली आहे. गंजीत लोखंडी सळई खुपसून पंधरा मिनिटांनी काढा, हात लावून धरवत नसेल तर धोका आहे. अशा गंजीवर चढायचं नाही, आतून पोकळ जळालेली असू शकते. आणि अग्निशमनवाले येण्याआधी ती फोडायची नाही, हवा मिळाली की भडकते.

प्रश्न: मॉइश्चर मीटर नाही. दाणा वाळला हे ओळखायचं कसं? आणि यातलंच बियाणं ठेवलं तर चालेल का?

उत्तर: कोरडी काचेची बरणी घ्या, एक तृतीयांश दाणे भरा, त्यात दोन-तीन चमचे एकदम कोरडं मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून द्या. काचेला आतून मीठ चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवा. चिकटलं नाही तर १५ च्या खाली आलाय, मळणीला ठीक, पण साठवणीसाठी त्यानंतरही एक-दोन उन्हं द्यायचीच. वाळवताना थर दोन-तीन बोटांपेक्षा जाड नको, अर्ध्या-एक तासाने हलवत राहा, आणि ऊन उतरायच्या आधी गोळा करून झाका, रात्रभर उघडं राहिलेलं धान्य दिवसभर गेलेला ओलावा परत ओढून घेतं. पंखा लावणार असाल तर हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली असतानाच लावा, पावसाळी हवा फुंकली तर दाणा सुकायच्या ऐवजी भिजतो.

बियाणं, तापलेल्या ढिगातलं अजिबात नको. उभ्या पिकातलं चालेल, पण मळणी यंत्राच्या फेऱ्या मिनिटाला ३५० ते ४०० ठेवा, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं. मग १०० दाणे न निवडता मोजून ओल्या कापडात गुंडाळा, कापड ओलं ठेवा, सहा-सात दिवसांनी नीट मोड आलेले मोजा. ७० च्या वर असतील तर ठेवा. पेरणीच्या आधी हीच परीक्षा परत घ्या, साठवणीत उगवण घटते.

प्रश्न: मी दहावीत आहे. पाऊस थांबला की बाबा रात्रभर मळणी करतात, गेल्या तीन रात्री ते दोन-दोन तासच झोपलेत. काल मशीन अडकलं तर ते चालू असतानाच हाताने काड ओढत होते. मी ओरडले तर मलाच रागावले. काकू, मी त्यांना कसं सांगू?

उत्तर: बाळा, तू ओरडलीस ते अगदी बरोबर केलंस.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा अशाच एका ओल्या सुगीत, तिसऱ्या जागरणाच्या रात्री, मी टॉर्च धरून उभी होते आणि माझ्या वडिलांनी चालू मशीनमधून ओलं काड ओढलं. काडाने हात आत ओढला. दोन बोटं गेली. ते खूप सावध माणूस होते, निष्काळजी नव्हते, फक्त झोप झालेली नव्हती. मी त्यांना थांबवलं नाही, मला वाटलं मोठ्या माणसाला कसं सांगायचं. आज पन्नाशी उलटली तरी टॉर्चच्या उजेडातला तो ड्रम मला दिसतो.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हात-डोळे दारू घेतलेल्या माणसासारखे मंद चालतात. तुझ्या बाबांना स्वतःला ते कळणार नाही, म्हणून दुसऱ्या कुणीतरी सांगावंच लागतं. ओलं काड तर कोरड्यापेक्षा जास्त अडकतं, म्हणजे थकवा सगळ्यात जास्त असतो तेव्हाच हात घालायची वेळही सारखी येते.

मशीनपाशी सांगू नकोस, तिथे ते ऐकणार नाहीत. सकाळी जेवायला बसले की आईला बरोबर घेऊन सांग, आणि रागाने नको, "बाबा मला काल भीती वाटली" असं सांग. मग दोन गोष्टी मागून घे. मशीन अडकलं की आधी इंजिन बंद, ड्रम पूर्ण थांबला की मगच हात, तोही शक्यतो लाकडी दांड्याने. आणि रात्री अकराला मशीन बंद, चावी आईकडे, सकाळी उजाडल्यावर परत. त्यांनी हो म्हटलं तर आज रात्री अकराला तू स्वतः जाऊन चावी घेऊन ये. नाही म्हटले तर माझं हे उत्तर त्यांना वाचून दाखव, आणि मला परत लिही, मी त्यांच्याशी फोनवर बोलेन.